‘अहो, मी तर काही पाठवलंच नाही’

फोनवर हे वाक्य आलं की पुढचं काम काय आहे ते मला कळायचं. भोसरी, चाकण, शिरवळ या पट्ट्यातल्या लहान कारखान्यांचे मेल सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. खरं तर ‘होता’ म्हणायला हवं, पण त्याच्याकडे नंतर येतो. फोन करणारा मालक असो, खरेदी खात्यातले साहेब असोत की अकाउंट्सच्या मॅडम, सुरुवात याच वाक्याने. कुणाच्या गिऱ्हाइकांना गोळ्यांच्या जाहिराती गेलेल्या असायच्या, कुणाच्या मेव्हण्याला ‘लंडनमध्ये अडकलोय, पाकीट चोरीला गेलंय, पैसे पाठव’ असं पत्र गेलेलं असायचं. सांगणारा खोटं बोलत नसायचा. त्याने पाठवलेलं नसायचंच. पत्र मात्र त्याच्याच नावाने, पुष्कळदा त्याच्याच टेबलावरच्या मशीनमधून निघालेलं असायचं.

हे असं सुरुवातीपासून नव्हतं. सुरुवातीचे त्रास देणारे उजळ माथ्याने त्रास द्यायचे. ३ मे १९७८ ला डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या काही शे लोकांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकदम धाडलं. ते स्वतःच्या कंपनीच्या नावाने होतं आणि शिव्याही त्यांनी स्वतःच्याच नावावर घेतल्या. १९९४ मध्ये कँटर आणि सीगल या ॲरिझोनातल्या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात यूजनेट या चर्चेच्या जाळ्यावरच्या हजारो गटांत एकाच वेळी टाकली, तीही आपलं नाव घालून. लोक खवळले, पण कुणावर खवळायचं हे तरी माहीत होतं. या खवळण्याचाच परिणाम असा झाला की पुढच्यांना दुसऱ्याच्या नावाची गरज पडली.

आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुण्याच्या जुन्या ग्राहकांना ‘जीआयएएसपीएन०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ हे शेपूट अजून पाठ असेल. नाव जरा मोठं असलं की पत्ता व्हिजिटिंग कार्डावर एका ओळीत मावायचा नाही. पुढे कारखान्यांनी आपापली डोमेनं घेतली, पण जोडणी टेलिफोनचीच. मग ऑफिसातल्या एका पेंटियमवर एमडीमन नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं. सगळ्यांची पत्रं बाहेर एकाच पेटीत जमायची. ठरल्या वेळी मोडेम किंचाळत फोन लावायचा, पत्रं उतरवून घ्यायचा आणि एमडीमन ती ज्याची त्याला वाटायचा. फोनचं मीटर चालू, त्यामुळे नको असलेलं पत्र म्हणजे बिलात भर. तेव्हा चोरीला जायचे ते इंटरनेटचे तास. कुणाचा तरी पासवर्ड मिळवायचा आणि त्याच्या खात्यावर फुकट फिरायचं. ही चोरी पुढे मनिलाच्या गोष्टीत येणार आहे.

दुसऱ्याचं नाव वापरण्याचा पहिला मार्ग फार सोपा होता, कारण दार मुद्दामच उघडं ठेवलेलं होतं. सेंडमेल हे सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर म्हणजे त्या काळचा सर्वात मोठा पोस्टमन. कुठल्याही परक्याने त्याच्या हातात पत्र दिलं की तो ते पुढे पोचवायचा. जाळं भरवशाचं नव्हतं, एका ठिकाणची तार तुटली तर दुसऱ्याने मदत करावी, हा त्यामागचा चांगला विचार. याला ओपन रिले म्हणत. जाहिरातवाल्यांनी काय करावं? एखाद्या विद्यापीठाच्या किंवा कारखान्याच्या उघड्या सर्व्हरला एकच पत्र आणि हजारो पत्ते द्यायचे आणि निघून जायचं. पुढची हमाली त्या सर्व्हरने करायची. मे १९९८ मध्ये सेंडमेलची ८.९ ही आवृत्ती आली आणि तिच्यात परक्याचं पत्र नाकारणं हा मूळ नियम झाला. तरी जुन्या आवृत्त्या कित्येक वर्षं चालत राहिल्या. जॉन गिलमोर हे इंटरनेटच्या स्वातंत्र्यासाठी झगडणारे मोठे गृहस्थ, त्यांनी तर तत्त्व म्हणून आपला रिले उघडा ठेवला आणि त्यापायी सेवा देणाऱ्या कंपनीशी भांडण घेतलं. मला त्यांचा राग येत नाही. पत्र पोचवणाऱ्याने पत्र तपासू नये, ही त्यांची भूमिका मुळात सभ्य होती. फक्त ती सभ्य शेजारी गृहीत धरत होती.

काळ्या यादीची सुरुवात इथली. पॉल विक्सी यांनी १९९७ मध्ये गैरवापर होणाऱ्या सर्व्हरांच्या पत्त्यांची यादी चालवायला घेतली, ती कुणीही आपल्या सर्व्हरला जोडून घ्यायची. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्टीव्ह लिनफोर्ड यांचं स्पॅमहाउस सुरू झालं. भोसरीत या नावांची ओळख झाली ती परत आलेल्या पत्रांतून. निर्यातदाराने कोटेशन पाठवायचं आणि दोन मिनिटांत इंग्रजी मजकूर परत: तुमचा पत्ता यादीत आहे, म्हणून स्वीकारलं नाही. मालकाचा पहिला प्रश्न, ‘हे कोण आम्हाला अडवणारे? सरकारी आहेत का?’ सरकारी नाहीत, खाजगी आहेत, आणि तुमचा जर्मन खरेदीदार स्वखुशीने त्यांचं ऐकतो, हे समजावून सांगण्यात दुपार जायची.

दार बंद होऊ लागलं तशी मंडळी घरात शिरली. २६ मार्च १९९९ ला मेलिसा आला. वर्डच्या फाइलीतला मॅक्रो, उघडला की आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या ५० पत्त्यांना तुमच्या नावाने तीच फाइल जायची. न्यू जर्सीच्या डेव्हिड स्मिथला त्यासाठी २० महिन्यांची शिक्षा झाली. मग ४ मे २०००, गुरुवार. विषयात ‘आय लव्ह यू’ आणि सोबत प्रेमपत्र म्हणून जोडलेली फाइल. तिचं खरं शेपूट ‘व्हीबीएस’, पण विंडोज ओळखीची शेपटं लपवायचं, त्यामुळे दिसायची साधी टेक्स्ट फाइल. हा ५० वर थांबला नाही, पत्तेवहीतल्या सगळ्यांना गेला. ब्रिटिश संसदेला आपली मेल व्यवस्था बंद ठेवावी लागली. पाठवणारं नाव ओळखीचं होतं, त्यामुळे लोकांनी विश्वासाने उघडली, हेच त्या किड्याचं सगळं भांडवल. साहेबांकडून असं पत्र आल्यावर ऑफिसात काय काय झालं ते इथे लिहीत नाही.

तो किडा मनिलाच्या ओनेल दे गुझमान या कॉलेजातल्या पोराने सोडला होता. पासवर्ड चोरणाऱ्या प्रोग्रॅमवर त्याने प्रबंध करायचं ठरवलं होतं, कॉलेजने तो फेटाळला. पुढे २०२० मध्ये एका ब्रिटिश पत्रकाराशी बोलताना त्याने कबूल केलं की इंटरनेटचे पैसे परवडत नव्हते म्हणून मुळात लोकांचे डायल-अपचे पासवर्ड हवे होते. म्हणजे पुण्यात जी चोरी चालायची तीच. फिलिपिन्समध्ये तेव्हा याला लागू पडेल असा कायदाच नव्हता, त्यामुळे तो सुटला; कायदा तिथे जून २००० मध्ये झाला. योगायोग म्हणजे आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावरही राष्ट्रपतींची सही त्याच जूनमध्ये झाली.

मेलिसा आणि प्रेमपत्र ही पोरकट कामं होती, पैसा कुणाला मिळाला नाही. धंदा सुरू झाला सोबिग या किड्यापासून. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिगची ‘एफ’ आवृत्ती आली. ती स्वतः पसरायचीच, पण सोबिगच्या कुळाचं खरं काम म्हणजे लागण झालेल्या मशीनला दुसऱ्याची पत्रं पाठवणारा हमाल बनवणं. शिवाय पाठवणाऱ्याचं नाव ती मशीनवर सापडलेल्या पत्त्यांतून उचलायची. त्यामुळे लागण अ च्या मशीनला, नाव ब चं, पत्र क ला. त्यावर कडी म्हणजे क चा अँटिव्हायरस ब ला उलट पत्र पाठवायचा की तुमच्या मशीनला लागण आहे. त्या ऑगस्टात किड्याच्या पत्रांइतकाच या शहाण्या इशाऱ्यांनी वैताग दिला. ब बिचारा मशीन फॉरमॅट करून बसलेला.

माझ्या मते या इतिहासातला सर्वात आपला काळ म्हणजे त्यानंतरची दहा वर्षं. ब्रॉडबँड २००५ पासून घरोघर आणि शेडोशेड पोचलं. मशीन दिवसभर जोडलेलं, विंडोज चोरीचं, म्हणून अपडेट बंद, आणि ड्रॉइंगं पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे. सॅलिटी, कॉन्फिकर हे व्हायरस पेन ड्राइव्हवरूनही फिरायचे. पुण्यात तर कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या कैलाश काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी याच रोगराईवर क्विक हील उभी केली. पण अँटिव्हायरसचं वर्ष संपलं की नूतनीकरणाला मालकाचा हात आखडायचा. सोफॉस या ब्रिटिश कंपनीने २०१२ च्या पहिल्या तिमाहीचा हिशेब काढला तेव्हा स्पॅम पाठवणाऱ्या देशांत भारत पहिला होता, ९.३ टक्के, अमेरिकेच्याही पुढे. वर्तमानपत्रांत बातमी वाचून लोकांना वाटलं की आपल्याकडे फसवे लोक फार. तसं नव्हतं. आपल्याकडे हमाल फार होते.

या हमालाला शोधायचं कसं ते सांगतो, कारण माझं खरं कौशल्य तेवढंच. कारखान्यातली ४० मशीनं बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. डिस्पॅचमधलं एक मशीन बिघडलं की अख्ख्या कंपनीची पत्रं बंद. वाड्यातल्या एका बिऱ्हाडाने उधारी बुडवली म्हणून वाण्याने सगळ्या वाड्याचं खातं बंद करावं, तसं. यादीवाल्यांच्या पानावर जाऊन ‘आमचं नाव काढा’ म्हणायची सोय असायची, पण रोग तसाच ठेवून नाव काढलं की काही तासांत परत चढायचं आणि वारंवार मागितलं तर ते ऐकेनासे व्हायचे. सीबीएल ही यादी त्यातल्या त्यात माणुसकीची, कारण ती लागणीचं नाव आणि शेवटची पत्र जाण्याची वेळ सांगायची. मग फायरवॉलवर जायचं. पत्रं बाहेर जातात ती पोर्ट २५ मधून. सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांना तो पोर्ट बंद करायचा आणि नकाराची नोंद चालू ठेवायची. पाच मिनिटांत लॉग धो धो वाहायला लागायचा, सगळ्या ओळींत आतला एकच आयपी.

पण तो आयपी कुठल्या टेबलावर? नोंदवही नसायचीच. मग त्या आयपीला पिंग चालू ठेवायचं, स्विचपाशी उभं राहायचं आणि एकेक वायर उपटत जायचं. एका वायरीला पिंग थांबतं. ती वायर धरून पत्र्याच्या शेडमध्ये चालत जायचं. बहुतेकदा शेवटी गेटपासचं मशीन सापडायचं, ज्यावर ई-मेल चालवतच नव्हते. समोर बसलेले भाऊ प्रामाणिकपणे म्हणायचे, ‘साहेब, माझ्याकडे तर मेल आयडीच नाही. मी काय पाठवणार?’

हे सगळे हमाल कोण चालवत होतं ते ११ नोव्हेंबर २००८ ला उघड झालं. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथली मॅकोलो नावाची कंपनी, तिच्याकडे कित्येक बॉटनेटांचे, म्हणजे अशा हमाल मशीनांच्या टोळ्यांचे, मुकादम सर्व्हर होते. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे ब्रायन क्रेब्स यांनी पुरावे दिल्यावर तिला इंटरनेट पुरवणाऱ्या दोन कंपन्यांनी जोडणी तोडली आणि जगातलं स्पॅम एका दिवसात निम्म्याहून खाली आलं. आपल्याकडे ती पहाट होती. सकाळी रोजच्यासारखा नकारांचा लॉग उघडला तर इतका बारीक की वाटलं आपलीच लाइन गेली. अर्थात काही महिन्यांत पाणी पुन्हा चढलं.

यात पैसा किती होता? त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्टॉर्म या बॉटनेटमध्ये शिरून हिशेब मांडला. २६ दिवस, सुमारे ३५ कोटी पत्रं आणि विक्री झाली २८. पण पत्र पाठवायला खर्चच नाही, वीज गेटपासच्या मशीनची आणि बिल मालकाचं, तेव्हा २८ सुद्धा पुरतात. पुढे त्याच मंडळींनी स्पॅममधून गोळ्या प्रत्यक्ष मागवून पाहिल्या. बरीच पाकिटं भारतातून आली. तेव्हा हमालही आपला आणि मालही आपला. नफ्याचा मोठा वाटा मात्र रशियन मंडळींकडे.

मग दुरुस्त्या आल्या. पत्र त्या डोमेनच्याच सर्व्हरवरून निघालंय का हे सांगणारं एसपीएफ, पत्रावर सही करणारं डीकिम, दोन्हींचा धागा जोडणारं डीमार्क. घरगुती जोडण्यांवरून थेट आलेली पत्रं मोठे सर्व्हर घेईनात, सेवा देणाऱ्यांनी पोर्ट २५ बंद केला. गेटपासचं मशीन निरुपयोगी झालं. त्यावर चोराने काढलेला उपाय पाहिला तर मला त्याचं कौतुक वाटतं, म्हणजे एखाद्या कारागिराचं वाटावं तसं. त्याने पत्र पाठवणं सोडून दिलं आणि तो लॉगिन करायला लागला. तुमचं नाव, तुमचा सर्व्हर, तुमची सही, सगळं अस्सल. फक्त पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे १२३.

२०१२ नंतर माझं काम या एकाच प्रकाराचं. सकाळी सर्व्हर मंद, रांगेत हजारो पत्रं तुंबलेली. त्यातलं एक उघडायचं, त्याचा क्रमांक लॉगमध्ये शोधायचा, लॉगिन कुणाच्या नावाचं ते दिसतं: अकाउंट्स. आणि आयपी व्हिएतनामचा, पाठोपाठ ब्राझीलचा. मॅडम समोर बसून टॅली करताहेत. पासवर्ड बदलायचा, पण तेवढ्याने भागत नाही. चालू असलेली जोडणी पासवर्ड बदलल्यावर आपोआप तुटेलच असं नाही, ती हाताने तोडायची. मग रांगेतली फक्त त्या नावाची पत्रं काढायची. घाईत पूर्ण रांग पुसणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांच्यासोबत महिन्याची इन्व्हॉइसंही जातात. आणि शेवटी, जे बहुतेक जण विसरतात, मेलबॉक्समधले नियम बघायचे. कुणीतरी आत येऊन एक नियम लावून गेलेला असतो: अमक्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं की ते थेट ‘आरएसएस फीड्स’ नावाच्या, कुणी कधीच न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाक.

हा नियम दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण मग मामला जाहिरातींचा राहत नाही. असा माणूस आठवडे गप्प बसून पत्रव्यवहार वाचतो. मशीन केलेल्या कास्टिंगची खेप निघाली, बिल गेलं, की तुमच्याच खात्यातून, त्याच धाग्यात, तुमच्याच वळणाच्या इंग्रजीत खरेदीदाराला कळवतो की आमचं बँक खातं बदललंय. खरेदीदार पैसे भरून मोकळा. एका ओळखीच्या कारखान्याचे असेच युरोपातले पैसे गेले. दोन्ही पक्षांची पत्रं खरी, आणि मग तोटा कुणाचा यावर त्यांचे वकील भांडले. त्या पट्ट्यातल्या कित्येक निर्यातदारांच्या बिलांखाली आज ठळक ओळ असते की आमचं खातं बदललेलं नाही, बदललं तर फोनवर सांगू. एमोटेट नावाच्या घातक प्रोग्रॅमने हीच गोष्ट यंत्रावर आणली: चोरलेल्या जुन्या पत्रांनाच उत्तर म्हणून विषारी फाइल. त्याचे सर्व्हर जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या पोलिसांनी मिळून ताब्यात घेतले, नोव्हेंबरात तो परतला.

कायद्याची मदत? फोनवरच्या आणि एसएमएसच्या जाहिरातींना ट्रायचे नियम आहेत, ई-मेलला तसे वेगळे कधी झालेच नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ मध्ये एक उपकलम होतं, उगम लपवून फसवणारं किंवा त्रास देणारं ई-मेल पाठवण्याविरुद्ध. पण ते कलम गाजलं ते पालघरमध्ये फेसबुकवरच्या मतासाठी दोन मुलींना अटक झाली तेव्हा, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. रद्द केलं ते योग्यच. स्पॅमवाल्याला त्याने धाक वाटला असेल असं मला कधीच दिसलं नाही. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र मात्र २०१७ पासून लागण काढायची फुकट साधनं देतं, ते उपयोगी काम आहे आणि कारखान्यांत फारसं कुणाला माहीत नाही.

या सगळ्यात मेला तो टेबलाखालचा सर्व्हर. चोराला रोखण्यासाठी लावलेली प्रत्येक अट बारक्यालाच जड गेली. स्वतःचा आयपी स्वच्छ ठेवा, उलटी डीएनएस नोंद करून घ्या, सह्या लावा, एवढं करूनही मोठ्या सर्व्हरने पत्र स्पॅममध्ये टाकलं तर दाद मागायला माणूस नाही. मालक कंटाळले आणि एकेक करत गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे गेले, महिन्याला माणशी भाडं भरून. फेब्रुवारी २०२४ पासून तर गूगल आणि याहूने घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबात दिवसाला सुमारे ५००० किंवा जास्त) एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्ही सक्तीचं केलं. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या वर जाऊ द्यायचं नाही. नियम चांगले आहेत. पण एकेकाळी कुणाचंही पत्र कुणीही पोचवणारं जाळं आता दोन-चार कंपन्यांच्या अंगणात आलं. त्यात स्पॅमवाल्यांचा वाटा मोठा आहे, आणि हा त्यांचा सर्वात मोठा गुन्हा, असं मी तरी मानतो.

फोन अजून येतात. अलीकडे विषय व्हॉट्सॲपचा असतो. ‘लग्नपत्रिका’ म्हणून एपीके फाइल येते, नाव ओळखीचं म्हणून लोक ती उघडतात. मग त्यांचे ओटीपी जातात आणि त्यांच्या नावाने तीच पत्रिका पुढे सगळ्या ग्रुपांवर. मी सांगतो की लिंक केलेली डिव्हाइसं काढा, टू-स्टेप पिन लावा, पैसे गेले असतील तर आधी १९३० वर फोन करा. पलीकडून तेच वाक्य येतं, आणि ते खरं असतं हे मला माहीत आहे. फक्त कुठून, किती वाजता, कुणाच्या लॉगिनने गेलं, हे आता दाखवू शकत नाही. तिथला लॉग माझ्या हातात नाही.